सुरमेदानी

अम्मीची सुरमेदानी पितळेची आहे. तिच्या निकाहात तिच्या मावशीने दिलेली. लहानपणी जुम्याच्या दिवशी अम्मी आम्हा भावंडांना आंघोळ घालून ओळीने बसवायची आणि त्या सुरमेदानीतली सलाई एकेकाच्या डोळ्यांतून फिरवायची. डोळे चुरचुरायचे, पाणी यायचे. "रडू नका, सुन्नत आहे. नजर तेज होते," असे ती म्हणायची. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून ती माझ्याकडे ऐरोलीला राहायला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत कुराण शरीफ, जानमाज आणि ही सुरमेदानी, एवढेच काय ते तिचे म्हणावे असे सामान होते.

२०१७च्या पावसाळ्यात तिच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर बारीकशी सूज आली. मराठीत रांजणवाडी म्हणतात, आमच्या उर्दूत गुहांजनी. कुणी लसणाची पाकळी फिरवायला सांगितली, कुणी लवंग उगाळून लावायला. जवळच्या एका डॉक्टरांनी थेंब आणि मलम दिले, गरम कपड्याने शेकायला सांगितले. सूज थोडी उतरली, पुन्हा आली. मग त्यांनी छोटी चीर देऊन आतला भाग काढून टाकला. काढलेला भाग तपासायला पाठवावा असे त्यांना वाटले नाही, आणि विचारावे असे मला सुचले नाही. मी बी.एड. झालेली बाई, शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, 'प्रश्न विचारा' म्हणून वर्गात रोज ओरडते. पण त्या दिवशी मला घरी जाऊन वह्या तपासायच्या होत्या.

त्यानंतर अम्मीने नकाब घ्यायला सुरुवात केली.

तोवर ती बुरखा घालायची, पण चेहरा उघडा असायचा. गावाकडे आमच्या बायका ओढणी डोक्यावर घेऊन शेतात जायच्या, बाजारात बसायच्या. आता ती दूध आणायला खाली उतरली तरी चेहरा झाकू लागली, आणि झाकताना नकाबाची कड डाव्या डोळ्यावर जरा जास्तच ओढू लागली. सेक्टरमधल्या बायका म्हणाल्या, "माशाअल्लाह, खालाजान आता पूर्ण पडदा करतात." मीही खूश झाले. उतारवयात माणूस दीनाकडे अधिक वळतो, तसे असेल असे मी समजले. नकाबाविरुद्ध मला काही लिहायचे नाही. माझ्या शाळेतल्या दोन सहकारी बाई मनापासून नकाब घेतात आणि माझ्यापेक्षा चांगल्या शिकवतात. मला सांगायचे आहे ते वेगळेच. अम्मीचा नकाब अल्लाहसाठी नव्हता, तो आमच्यापासून होता. आपल्या सुजलेल्या पापणीची मुलीला आणि जावयाला काळजी लागू नये, पुन्हा डॉक्टर नको, पुन्हा खर्च नको, म्हणून तो होता. घरातही ती ओढणी कपाळावरून खाली ओढून बसायची. समोरासमोर बसून जेवत असूनही मी आठ महिने माझ्या आईचा चेहरा नीट पाहिला नव्हता.

एप्रिल २०१८मध्ये माझ्या धाकट्या मुलीने ते पाहिले. ती नानीच्या मांडीवर डोके ठेवून झोपायची. खालून वर पाहताना म्हणाली, "नानी, तुझी पापणी अर्धीच का उघडते?" मी ओढणी बाजूला केली. पापणीत जांभळट, रबरासारखी गाठ होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. दुखली असती तर कदाचित अम्मी बोलली असती.

या वेळी डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पापणी उलटून पाहिली आणि लगेच तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये 'लिम्फोमा' हा शब्द होता. आपल्या रक्तात आणि लसिका ग्रंथींत रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्याच काही पेशी बिघडून वाढू लागल्या की त्याला लिम्फोमा म्हणतात. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा रोगाचे पहिले वर्णन केले. पुढे एका प्रकाराला त्यांचे नाव मिळाले आणि बाकीचे सगळे प्रकार 'नॉन-हॉजकिन' ठरले. अम्मीचा प्रकार या दुसऱ्या गटातला, 'माल्ट लिम्फोमा' नावाचा. डोळ्याच्या भोवतालच्या भागात होणाऱ्या लिम्फोमात हाच जास्त आढळतो आणि तो सहसा हळूहळू वाढतो. तिच्या डोळ्याच्या आत काही नव्हते. पाहणारा डोळा निरोगी होता, त्याचा पडदा आजारी होता.

आम्ही परळला टाटा मेमोरियलमध्ये गेलो. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून ही वास्तू उभी राहिली. १९६२पासून तिचा कारभार केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. बॉम्बशी जोडलेला 'अणू' हा शब्द इथे इलाजाच्या बाजूला उभा आहे, हे मी वर्गात आता मुद्दाम सांगते.

तिथे बायोप्सीच्या काचा पुन्हा तपासल्या गेल्या. रक्त, पेट स्कॅन, कमरेच्या हाडातून मगज काढून तपासणी, सगळे झाले. रोग इतरत्र कुठे पसरला आहे का, हे आधी पाहावे लागते. अल्लाहच्या मेहरबानीने तो पापणीपुरताच होता.

आता प्रश्न होता अम्मीला काय सांगायचे. आमच्या घरात या आजाराचे नाव घेत नाहीत. 'ती बिमारी' म्हणतात. मी तिला "गाठ आहे, शेक द्यायचा आहे" एवढेच सांगितले. टाटाच्या रांगेत बसल्यावर ती मला म्हणाली, "अगो, मी शाळा कमी शिकले, पण या हॉस्पिटलचे नाव मला ठाऊक आहे. तू मला शिकवू नको. सरतान आहे ना?"

सरतान हा शब्द तिने उर्दू मासिकात वाचलेला. अरबीत सरतान म्हणजे खेकडा. संस्कृतात कर्क म्हणजे खेकडा. लॅटिनमध्ये कॅन्सर म्हणजेही खेकडा. तीन भाषांतल्या माणसांनी या रोगाला एकाच प्राण्याचे नाव दिले आणि तिन्ही भाषांतली माणसे ते नाव घ्यायला घाबरतात. अम्मी कोकणातली. ती म्हणाली, "खेकड्याला मी लहानपणापासून पकडत आले आहे. मागून धरायचा, मग तो चावत नाही." मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आठ महिने तिने माझ्यापासून लपवले आणि चार आठवडे मी तिच्यापासून. लपवायची कला आपल्या घरात आईकडून मुलीकडे येते, असे मला त्या दिवशी वाटले.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळ्याचे चित्र काढून इलाज समजावला. किरणोपचार करायचे, एकूण चोवीस ग्रे, बारा बैठकांत, रोज दोन ग्रे, शनिवार-रविवार सुट्टी. या पेशी किरणांना फार लवकर शरण जातात, म्हणून इतर कर्करोगांच्या मानाने हा डोस कमी. एका जागी मर्यादित असलेल्या या प्रकारात दहातल्या नऊहून अधिक जणांची त्या जागची गाठ परत येत नाही. फक्त चार ग्रे, दोनच बैठकांत देण्याचीही पद्धत आहे. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत अशा संथ लिम्फोमांसाठी चोवीस ग्रेचा परिणाम जास्त टिकाऊ दिसला होता. अलीकडे डोळ्याजवळच्या माल्ट लिम्फोमासाठी चार ग्रेपासून सुरुवात करून गरज पडली तरच पुढे जाण्याकडे काही डॉक्टरांचा कल आहे. आम्हाला बारा बैठका सुचवल्या, आम्ही त्या घेतल्या.

अम्मीचा एकच प्रश्न होता, "माझी तिलावत राहील ना?" तिला मरणाची भीती नव्हती, नजर जाण्याची होती. ती रोज फजरनंतर कुराण उघडून बसते. पाठ असलेल्या सूरासुद्धा ती पाहून वाचते, कारण पाहण्यातही सवाब आहे असे ती मानते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यातले भिंग किरणांना फार नाजूक असते. किरण लागले तर दोन-चार वर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो. पण गाठ पापणीच्या पुढच्या भागात असल्याने पापणी आणि बुबुळ यांच्यामध्ये जड धातूची छोटी वाटी बसवता येईल. गाठ डोळ्यामागच्या खोबणीत असती तर तसे झाकण ठेवता आले नसते. शिवाय पापणीसाठी इलेक्ट्रॉनचा झोत वापरणार, तो काही सेंटिमीटरच्या आतच संपतो, मेंदूपर्यंत जात नाही. डोळा कोरडा पडेल, कातडी लाल होईल, पापणीचे केस गळतील, हेही त्यांनी लपवले नाही.

मग त्यांनी विचारले, "डोळ्यांत काही घालता का? काजळ, सुरमा?"

अम्मीने माझ्याकडे पाहिले. सुरमा बंद करायचा म्हणजे तिच्या दृष्टीने सुन्नत सोडायची. मी घरी येऊन वाचले, मौलानांनाही विचारले. हदीसमध्ये ज्या इस्मिद दगडाचा उल्लेख आहे, त्याचा अर्थ बरेच जण अँटिमनी असा करतात. बाजारात सुरमा म्हणून जे मिळते ते मात्र पुष्कळदा शिशाचा दगड कुटून केलेले असते आणि शिसे अंगात भिनले की विषारी, मुलांना तर फारच. आम्हा भावंडांच्या डोळ्यांत जुम्याला जे चुरचुरायचे, त्यात काय होते ते अल्लाहलाच ठाऊक. अम्मीच्या गाठीचा सुरम्याशी संबंध आहे असे कुणी म्हणाले नाही, मीही म्हणत नाही. मौलाना एवढेच म्हणाले, "बीबी, नजरेच्या हिफाजतीसाठी सुरमा आहे. हकीम नजरेसाठीच मना करत असेल तर त्याचे ऐका." अरबीत डोळ्यांच्या वैद्याला 'कह्हाल' म्हणतात, हा शब्द 'कुहल' म्हणजे सुरमा यावरूनच आला. सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदादच्या अली इब्न ईसा यांनी 'तजकिरतुल कह्हालीन' हा डोळ्यांच्या रोगांवरचा ग्रंथ लिहिला, त्यात पापणीच्या रोगांना वेगळी जागा आहे. आपले जुने कह्हाल पापणी उलटून पाहायचे. आपण मात्र सुरमा लक्षात ठेवला आणि पापणी उलटायचे विसरलो.

इलाजाची तारीख मिळाली २१ मे २०१८. रमजानचा पाचवा रोजा. अम्मी म्हणाली, डोळ्यात थेंब घालणार, रोजा मोडेल, ईदनंतर जाऊ. आम्ही शाफई. विचारून खात्री केली. शाफईत आणि हनफीतही डोळ्यातल्या थेंबाने रोजा मोडत नाही. वर आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोजाची सवलत आहेच, नंतर कजा करता येते. वुजूचेही तसेच. चेहरा चोळायचा नाही, साबण नाही, म्हणून हलके पाणी, आणि ज्या जागी पाणी लावता येत नाही तिथे तयम्मुमची सोय. आपला दीन आजाऱ्यासाठी इतका नरम आहे आणि आपण आजाऱ्यावर इतके सख्त का होतो, हे मला कळत नाही. शेवटी तडजोड झाली. परळला जायच्या दिवशी रोजा नाही, शनिवार-रविवारी रोजा.

शाळेला सुट्टी होती. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून धीमी लोकल, परळ. पहिल्या दिवशी आणखी एक परीक्षा होती. चेहऱ्याचा साचा आधीच घेतला होता. प्लास्टिकची जाळीदार चादर गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, ती थंड झाली की त्या माणसाचाच आकार घेते. हेतू हा की किरण चालू असताना डोके हलू नये. त्यासाठी नकाब काढावा लागला होता, परपुरुष असलेल्या टेक्निशियनचे हात चेहऱ्याला लागले होते. अम्मी डोळे मिटून दरूद म्हणत राहिली. तो मुलगा विशीतला असेल. त्याने प्रत्येक वेळी "आजी, आता हात लावतो हं" असे म्हणून मगच हात लावला. बाहेर आल्यावर अम्मी म्हणाली, "आठ महिन्यांत माझा चेहरा पहिल्यांदा त्या पोराने पाहिला." बोलणे त्या मुलाबद्दल होते, पण ते मला लागले.

डोळ्यात बधिर करायचे थेंब घालून ती धातूची वाटी पापणीखाली सरकवायचे. खोलीत मग ती एकटी. आम्ही जाड दाराबाहेर. दोन-चार मिनिटांचा खेळ. अम्मीला वाटत होते की आत भाजेल. मी रात्री वहीत गणित मांडले. एक ग्रे म्हणजे एक किलो मांसाला एक ज्यूल ऊर्जा. चोवीस ग्रे एकदम दिले तरी पापणीचे तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकेही वाढणार नाही. चहाच्या वाफेने याहून जास्त शेक लागतो. किरण जाळत नाहीत, ते पेशीच्या आतला वाढीचा हुकूम तोडतात. निरोगी पेशी तो बराचसा दुरुस्त करून घेतात, बिघडलेल्या पेशींना ते तितके जमत नाही. म्हणून रोज थोडे थोडे. अम्मी म्हणाली, "म्हणजे गाठीला रोज एक तमाचा, आणि मला रात्रभर आराम."

घरी मात्र वेगळेच चालले होते. नात्यातल्या एका बाईंनी फोनवर सांगितले की तिच्या अंगातून आता किरणे निघतील, मुलांना जवळ देऊ नका, पेला वेगळा ठेवा. शिकलेली बाई. मी तिला समजावले की बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत, दिवा विझवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसे. आणि हा आजार संसर्गाचा नाही. तिला पटले की नाही ठाऊक नाही. त्या संध्याकाळी इफ्तारला अम्मीने आपला पेला स्वतःच बाजूला ठेवला होता. माझ्या मुलीने तो उचलून त्यातच रूहअफ्जा प्यायली. वाद संपला.

परळच्या बाकावर जालन्याकडची एक बाई रोज भेटायची. तिच्या अडीच वर्षांच्या मुलाचा एक डोळा काढावा लागला होता. नजरेच्या पडद्यावर गाठ आलेली. फोटोत त्याची बाहुली पांढरी चमकायची, पण घरच्यांना ती फोटोचीच चूक वाटली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ते उतरले होते. ते पोर अम्मीच्या बुरख्याशी खेळायचे, नकाब ओढायचे. तिसऱ्या दिवशी अम्मीने नकाब काढून पिशवीत ठेवला तो ठेवलाच. सुजलेली, लाल झालेली पापणी घेऊन ती त्या पोरासमोर उघड्या चेहऱ्याने बसली. मी काही विचारले नाही. तिने आपणहून सांगितले, "त्याला वाटू नये की डोळ्याचे दुखणे झाकायचे असते."

५ जूनला बारावी बैठक झाली. पापणी सोललेल्या टोमॅटोसारखी झाली होती, केस गळले होते. १६ जूनला ईद. अम्मीने त्या दिवशी नवा जोडा घातला आणि सवयीने सुरमेदानी उघडली. क्षणभर हातात सलाई धरली, मग पुसून परत ठेवली. दोन महिन्यांत गाठ पूर्ण विरघळली.

याला आता बरीच वर्षे झाली. सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा, मग वर्षाने तपासणी. हा रोग कधी दुसऱ्या डोळ्यात किंवा दुसऱ्या जागी अनेक वर्षांनीही डोके वर काढतो, म्हणून फेऱ्या चुकवायच्या नाहीत. डोळा कोरडा असतो, दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात. २०२२मध्ये मोतीबिंदू काढला. तो वयाचा की किरणांचा, डॉक्टर हसून म्हणाले, "दोघांनाही निम्मे निम्मे द्या." तिलावत चालू आहे. कजा रोजे तिने त्याच हिवाळ्यात एकेक मोजून पूर्ण केले.

नकाब तिने पुन्हा घेतला नाही. कुणी विचारले तर म्हणते, "माझ्या चेहऱ्याकडे आता घरच्यांनी लक्ष ठेवायचे आहे." ती मजेत म्हणते, पण दर जुम्याला मी तिच्यासमोर बसते, तिचे डोके खिडकीच्या उजेडाकडे वळवते आणि दोन्ही पापण्या उलटून पाहते. पूर्वी ती आम्हाला ओळीने बसवायची, आता ती बसते.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत बायकांचा दर्स होता. एक बाई नकाबाची कड एका डोळ्यावर ओढून कोपऱ्यात बसली होती. कुणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही. अम्मी उठून तिच्याजवळ गेली, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि हळूच म्हणाली, "बेटा, किती दिवस झाले सूज येऊन?"

त्या बाईची रांजणवाडीच निघाली, आठ दिवसांत बरी झाली. अम्मीने शुक्राने के दो नफ्ल अदा केल्या. सुरमेदानी अजून कपाटात आहे. ईदच्या आदल्या दिवशी चिंच लावून ती घासायची, चकचकीत करायची, आणि रिकामीच परत ठेवायची.